अठरा मीटर लीला

"बॅनर ना? बॅनरचं माझ्यावर सोडा," असं यादवराव म्हणाले ते मराठीत म्हणाले, आणि समोर बसलेल्या पंचवीस-तीस जर्मनांपैकी एकालाही मराठी येत नव्हतं. तेव्हा गोष्ट तिथेच मिटायला काहीच हरकत नव्हती. पण शेजारी नात बसली होती. बारा वर्षांच्या धम्मदीपाला मराठी सगळं समजायचं आणि उत्तर मात्र ती जर्मनमध्येच द्यायची. तिने तोंडातला बटाटा गिळत आजोबांचं वाक्य सभेला जर्मनमध्ये सांगून टाकलं. सभेने बुक्क्यांनी टेबलं वाजवली. यादवरावांना वाटलं, लोक चिडले. वास्तविक तिथे टाळ्या अशाच वाजवतात. अशा रीतीने फ्रँकफर्टच्या ग्रीसहाइम भागात, एका बिअरच्या गुत्त्याच्या मागच्या खोलीत, यादवराव एकमताने बॅनरप्रमुख झाले.

"केवढा करणार?" क्लबाचे अध्यक्ष हेर डील, म्हणजे डीलसाहेब, यांनी विचारलं.

"अठरा," यादवराव म्हणाले आणि खात्रीसाठी बोटंही दाखवली. औरंगाबादला त्यांच्या कॉलनीच्या जयंती समितीचा बॅनर दर वर्षी अठरा फुटांचा असे आणि तो यादवरावांच्या देखरेखीखाली रंगे. पुढचा 'फूट' हा शब्द त्यांना अनावश्यक वाटला. या देशात लांबी मीटरमध्ये मोजतात हे यादवरावांना माहीत होतं, पण आपले अठरासुद्धा तसेच मोजले जातील हे त्या क्षणी सुचलं नाही. हेर डीलनी वहीत अठरा मीटर लिहून घेतलं, मग चष्मा काढून यादवरावांकडे असं काही आदराने पाहिलं, की दुसऱ्या दिवशी चूक लक्षात आल्यावरही ती दुरुस्त करायला यादवरावांची जीभ रेटेना. पाटबंधारे खात्यात जन्म काढलेला माणूस एकदा मंजूर झालेलं काम कमी करत नाही. ते वाढतं तरी, नाहीतर रखडतं.

आता एक निवृत्त पाटबंधारे अधिकारी अमेरिकन फुटबॉलच्या जर्मन चाहत्यांच्या क्लबात काय करत होता, हे सांगायला हवं.

जानेवारीत त्यांची पत्नी गेली. एप्रिलात मुलगा सुगत येऊन त्यांना तीन महिन्यांच्या व्हिसावर फ्रँकफर्टला घेऊन गेला. सुगत बँकेत संगणकाचं काही करायचा, सून हर्षा एका संस्थेत संशोधन करायची, नात शाळेत. सकाळी तिघं तीन दिशांना गेली की तिसऱ्या मजल्यावर यादवराव आणि फ्रिज एवढेच उरत. त्यातल्या त्यात फ्रिज अधूनमधून आवाज करी. खिडकीतून पाहावं तर रस्ता झाडून पुसून ठेवलेला, त्यावर माणूस नाही. एखादी म्हातारी कुत्र्याला घेऊन जाताना दिसली तर यादवराव ती वळणावर दिसेनाशी होईपर्यंत पाहत राहत.

खालच्या मजल्यावर हेर डील राहत. ट्राम चालवून निवृत्त झालेले, एकटे, मिशा पांढऱ्या, आणि बाल्कनीत कायम एक जांभळा झेंडा. फ्रँकफर्ट गॅलेक्सी नावाचा अमेरिकन फुटबॉलचा संघ होता, अमेरिकेतल्या बड्या लीगने युरोपात चालवलेल्या धाकट्या लीगमधला. हेर डील एक्क्याण्णव सालापासून, म्हणजे संघ निघाला तेव्हापासून, त्याचे भक्त. एका शनिवारी त्यांच्याकडे एक तिकीट जास्तीचं होतं. जिन्यात यादवराव भेटले. हेर डीलना इंग्रजी येत होतं ते 'टचडाउन' आणि 'कम ऑन बॉइज' एवढंच. तेवढ्यात ते आमंत्रण देऊन मोकळे झाले.

त्या दिवशी यादवरावांनी जे पाहिलं त्यातलं निम्मं त्यांना कळलं नाही आणि निम्मं त्यांनी सभ्यपणे पाहिलं नाही, कारण मैदानाच्या कडेला मुली फारच अपुऱ्या कपड्यांत नाचत होत्या. आधी मोठी जत्रा. सॉसेज, बिअर, बँड, तोंडं जांभळी केलेली आख्खी कुटुंबं. हेर डीलनी त्यांच्याही गालांवर दोन जांभळे पट्टे ओढले. मग खेळ. खेळ म्हणजे काय, तर दोन्हीकडचे आडदांड लोक एकमेकांवर कोसळत, शिट्टी वाजे, सगळे उठत आणि वर्तुळ करून चर्चेला उभे राहत. दहा सेकंद काम आणि मग बैठक. यादवरावांना एकदम घरच्यासारखं वाटलं.

आणि मग ती साखळी आली. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे जायचं असतं. गेले की नाही अशी शंका आली, तेव्हा दोन माणसं दोन काठ्या घेऊन मैदानात धावत आली, आणि त्या काठ्यांमध्ये चक्क मोजणीची साखळी होती. तीस हजार लोक श्वास रोखून मोजणी पाहत होते! यादवराव उभेच राहिले. तरुणपणी त्यांनी कालव्यांच्या सर्वेक्षणात अशीच साखळी उन्हातान्हात ओढली होती, आणि तेव्हा बघायला एखादं शेरडूसुद्धा थांबलं नव्हतं.

"साखळी!" त्यांनी हेर डीलचा दंड धरून सांगितलं. "डीलसाहेब, चेन! सर्व्हे चेन!"

"फर्स्ट डाउन!" हेर डील ओरडले आणि त्यांनी यादवरावांना मिठी मारली. जानेवारीपासून त्यांना कोणी मिठी मारली नव्हती. सुगतने विमानतळावर वाकून नमस्कार केला होता, तो वेगळा.

क्लबाच्या पुढच्या सभेला हेर डील आजोबा-नातीला बरोबर घेऊन गेले. तर असा तो बॅनर. मजकूर क्लबाने ठरवला होता: 'विर ब्लाइबेन लीला.'

"ही लीला कोण?" घरी येताना यादवरावांनी नातीला विचारलं. त्यांच्या माहितीत एकच लीला होती, लेखा शाखेतली, आणि तिच्यासाठी अठरा मीटर काय, अठरा इंचसुद्धा कापड त्यांनी फाडलं नसतं.

"फार्बे, आजोबा!" धम्मदीपा कपाळाला हात लावून म्हणाली. रंग. जर्मनमध्ये जांभळ्याला लीला म्हणतात. आम्ही जांभळेच राहणार, असा त्याचा अर्थ.

जांभळं कापड अठरा मीटर एकरंगी मिळेना. पांढरं मिळालं. सल्ला विचारायला सुगत नको होता, कारण सुगतचं एकच उत्तर असे, "बाबा, इथे असं चालत नाही." म्हणून त्यांनी मराठी मंडळातल्या नागेशरावांना फोन लावला. नागेशरावांची बायको जर्मन होती आणि त्या नात्याने आख्खी जर्मनी आपल्याला जावई मानते अशी त्यांची समजूत होती.

"गेनाऊ! अगदी बरोबर!" नागेशराव म्हणाले. "आल्झो, तर मग पांढरं घ्या आणि रंगवा. इथे रंगाच्या पुड्या मिळतात. मशीनमध्ये टाकायच्या, कापड टाकायचं, बटण दाबायचं. ही जर्मनी आहे यादवराव, इथे हाताने काही करायचं नसतं."

मशीन तळघरात होतं, सगळ्या इमारतीत मिळून एक. यादवरावांनी कापडाचे तुकडे केले आणि दोन दिवस खालीवर करून सगळे रंगवले. रंग झकास बसला. इतका झकास, की तो मशीनच्या रबरातही बसला. तिसऱ्या दिवशी पहिल्या मजल्यावरच्या फ्राउ ओटोंची पाळी होती. त्या दातांच्या डॉक्टरकडे कामाला होत्या. त्यांनी आपले सगळे पांढरे कोट मशीनमध्ये टाकले आणि फिकट जांभळे बाहेर काढले. एकाही कोटाला डाग म्हणून नव्हता. सगळे सारखे, सौम्य, सकाळच्या आकाशासारखे जांभळे.

फ्राउ ओटो एक कोट हातात धरून वर आल्या तेव्हा यादवराव घरी एकटे होते. त्या बराच वेळ बोलल्या. यादवरावांना त्यातला फक्त 'लीला' हा शब्द कळला आणि त्यांना वाटलं, याही आपल्याच संघाच्या.

"विर ब्लाइबेन लीला!" ते हसून म्हणाले.

त्यानंतरचा प्रसंग सुगतने संध्याकाळी निस्तरला. नवे कोट, एक पुष्पगुच्छ आणि जिन्यात उभं राहून मागितलेली दिलगिरी. यादवराव दाराआड उभे होते. आपल्या मुलाला कोणापुढे एवढं वाकताना त्यांनी पूर्वी पाहिलं नव्हतं.

"मी माफी मागितली असती," ते नंतर म्हणाले.

"कुठल्या भाषेत, बाबा?" सुगत म्हणाला. तो टाकून बोलला नव्हता. दमून बोलला होता, आणि तेच जास्त लागलं.

शहाणा माणूस इथे थांबला असता. पण क्लबाचे लोक जिन्यात, रस्त्यात, बेकरीत भेटत आणि विचारत, "बॅनर?" आणि हाताने लांबी दाखवत. प्रत्येकाच्या हातांत ती थोडी वाढलेली असे. फायनल जूनमध्ये फ्रँकफर्टलाच होती, आणि आपला संघ तिथवर पोचणार याबद्दल ग्रीसहाइममध्ये दुमत नव्हतं.

मग शिलाई. हर्षाचं शिवणयंत्र माळ्यावर होतं, ते तिनेच काढून दिलं. "सुगतला मी सांगते," ती म्हणाली. "तुम्ही शिवा बाबा. तेवढाच वेळ जाईल." यादवराव दुपारी शिवायला बसले. दुपारी म्हणजे नेमक्या इमारतीच्या विश्रांतीच्या वेळात, ज्या वेळात या देशात खिळा ठोकत नाहीत. वरच्या मजल्यावरून धप्प धप्प आवाज यायला लागला. वर कोणीतरी आपल्यासारखंच काम करत बसलंय, असं वाटून यादवरावांना बरं वाटलं. त्यांनी पायडलचा वेग वाढवला.

अक्षरं रंगवायला घरात जागा नव्हती, म्हणून कापड अंगणात अंथरलं. सायकली एका बाजूला लावल्या, कचऱ्याचे डबे दुसऱ्या बाजूला सरकवले. मदतीला हेर डील आले. धम्मदीपा दुभाषी म्हणून पायरीवर बसली होती. यादवराव अक्षरांची उंची, दोन अक्षरांमधलं अंतर, लांबून वाचताना डोळ्यांना होणारा भास, यांवर खात्यातल्या शिस्तीने पाच मिनिटं बोलत आणि धम्मदीपा हेर डीलना सांगे, "आजोबा नको म्हणतात." हेर डील यावर अर्धा तास वाद घालत आणि धम्मदीपा आजोबांना मान हलवून सांगे, "या," म्हणजे जर्मनमध्ये हो. एवढ्यावर काम उत्तम चाललं होतं. दोघं म्हातारे गुडघ्यांवर बसून एकेक अक्षर पिवळ्या रंगाने भरत होते. यादवरावांना त्या दिवशी चहाची आठवणसुद्धा झाली नाही.

डबे हलवल्यामुळे मात्र कचऱ्याची गाडी रिकामी परत गेली. आणि त्या आठवड्यात इमारतीची व्यवस्था पाहणाऱ्या कार्यालयाकडून सुगतला पत्र आलं. मशीन, शिवणयंत्र, अंगण, डबे, सगळं त्यात क्रमाने होतं.

"बाबा, ही आबमानुंग आहे," सुगत जेवणाच्या टेबलावर म्हणाला. "ताकीद. असंच चालू राहिलं तर घर सोडायला सांगतील. फ्रँकफर्टमध्ये घर मिळायला काय करावं लागतं, माहीत आहे तुम्हाला?"

"उत्तराचा मसुदा मी करून देतो. अशी पत्रं मी..."

"नको! तुम्ही काही करू नका. बाबा, तुम्ही फक्त बसा ना. टीव्ही बघा, नदीवर फिरून या. कशाला हवंय तुम्हाला हे सगळं? कोण कुठला तो संघ, कोण तो डील!"

हर्षा म्हणाली, "सुगत, हळू."

वरण संपवून, ताट उचलून, यादवराव आपल्या खोलीत गेले. आपली खोली म्हणजे धम्मदीपाची. ती तीन महिने दिवाणखान्यात झोपत होती. भिंतीवर सगळीकडे घोड्यांची चित्रं होती. यादवराव पलंगाच्या कडेला बसून त्या घोड्यांकडे पाहत राहिले. 'फक्त बसा' हे आयुष्यात त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. निवृत्तीच्या समारंभातसुद्धा लोक, आता विश्रांती घ्या, एवढंच म्हणाले होते. थोड्या वेळाने धम्मदीपा आली आणि शेजारी बसली. तिने एका घोड्याकडे बोट दाखवलं आणि त्याचं नाव सांगितलं. मग दुसऱ्याचं. सगळ्या घोड्यांची नावं सांगून ती झोपायला गेली.

बॅनर तयार झाला तेव्हा एक नवीनच गोष्ट पुढे आली. स्टेडियममध्ये न्यायचं कापड सहज पेट घेणारं नसावं, असा नियम होता, आणि तसं प्रमाणपत्र लागे. क्लबाच्या सभेत हे कोणाला आठवलं नव्हतं, कारण आजवर त्यांचा सगळ्यात मोठा बॅनर म्हणजे हेर डीलच्या बाल्कनीतला झेंडा होता. यादवरावांनी पुन्हा नागेशरावांना फोन केला. इथे वाचकाला राग येईल. पण माणूस सल्ला विचारतो तो सल्ल्यासाठीच असं नाही. फोनवर पलीकडून कोणीतरी मराठीत बोलतं, हेही असतं.

"फवारा मिळतो," नागेशराव म्हणाले. "आग न लागू देणारा. मारायचा, बाटली आणि बिल बरोबर ठेवायचं. गेटवर बिल दाखवलं की झालं. बिलावर जर्मन माणूस कधी शंका घेत नाही."

फवारा मारला. वासाने अंगणातली कबुतरं दोन दिवस फिरकली नाहीत.

फायनलच्या दिवशी अठरा मीटरचं ते गाठोडं दोन म्हाताऱ्यांनी खांद्यांवर घेतलं आणि ट्राममध्ये चढवलं. ट्राम जांभळ्या माणसांनी भरली होती. हेर डीलनी आयुष्यभर चालवलेल्या ट्राममध्ये त्यांना त्या दिवशी बसायला जागा नव्हती, आणि ते भलतेच खूश होते. यादवरावांच्या गालांवर पट्टे होते. धम्मदीपाने ते सकाळी काढून दिले होते. सुगतने ते पाहिले आणि दार उघडून धरलं.

गेटवरच्या तरुण सुरक्षारक्षकाने बाटली पाहिली, बिल पाहिलं, आणि मान हलवली. प्रमाणपत्र कापडाचं हवं, कापड बनवणाऱ्याचं. फवाऱ्याचं बिल चालत नाही. तो उद्धट नव्हता. उलट त्याला वाईट वाटत असावं. हेर डील बोलले, मग ओरडले, मग विनवणी करू लागले. यादवरावांनी मात्र त्या पोराच्या चेहऱ्याकडे एकदा पाहिलं आणि ओळखलं. हा चेहरा त्यांनी स्वतः बत्तीस वर्षं धारण केला होता. टेबलाच्या पलीकडे कालव्याचं पाणी मागायला माणूस उभा असे, त्याचं म्हणणं खरं असे, आणि कागद अपुरा असे.

"चला डीलसाहेब," ते म्हणाले. "नाही व्हायचं."

बॅनर गेटजवळच्या मोठ्या पेटीत जमा झाला, जिथे छत्र्या, बाटल्या आणि काचेचे पेले टाकत होते. ते दोघं आत गेले. जिथे बॅनर लागायचा होता त्या कठड्याला क्लबाने अठरा मीटर जागा राखून ठेवली होती. आजूबाजूला सगळीकडे झेंडे, कापडं, पाट्या, आणि मध्ये तेवढा उघडा कठडा. क्लबातल्या कोणी एका शब्दाने विचारलं नाही. एकाने यादवरावांना सॉसेज आणून दिलं.

आणि सामना गेला. हाम्बुर्गचे सदतीस, आपले अठ्ठावीस. साखळी बऱ्याचदा आली, पण यादवराव उभे राहिले नाहीत. परतताना पेटीतून बॅनर काढला तर त्यावर निम्म्या फ्रँकफर्टची जप्त झालेली बिअर सांडली होती. वजन दुप्पट झालेलं. ट्राममध्ये लोक त्यांच्यापासून जरा लांब उभे राहिले.

हर्षाने तो बाथटबमध्ये तुकड्यातुकड्याने भिजवला, आणि वाळत घालायला अंगणाशिवाय जागा नव्हती. सुगत स्वतः खाली उतरला. त्याने पहिल्या मजल्याच्या कठड्यापासून सायकलींच्या स्टँडपर्यंत दोरी बांधली आणि बापाच्या हातून कापड घेऊन ताणून टाकलं. "एक ताकीद काय, दोन काय," तो म्हणाला. ते कापड वाळायला वेळ घेत होतं. फवारा, रंग, बिअर, सगळं त्यात मुरलेलं.

ते तिथेच लटकत असताना बातमी आली. फायनलला आठवडाही झाला नव्हता. अमेरिकेतल्या मालकांनी युरोपातली लीगच बंद केली. एका निवेदनात सगळे संघ संपले, गॅलेक्सीसुद्धा. सुगतने ऑफिसातून आल्यावर जिन्यातच सांगितलं. यादवरावांनी त्याला ते दोनदा सांगायला लावलं.

"बंद म्हणजे? हरले म्हणून?"

"नाही हो बाबा. परवडत नाही म्हणून. तोटा होता."

"आणि लोक?"

"लोकांचं काय?"

यादवराव खिडकीशी गेले. अंगणात फ्राउ ओटो उभ्या होत्या, त्या अक्षरांकडे पाहत. आम्ही जांभळेच राहणार. त्यांनी तक्रारीचा एक शब्द काढला नाही. वर पाहून त्यांनी हेर डीलच्या खिडकीकडे बोट केलं. तिथला पडदा उजेड असतानाच खाली ओढलेला होता. फ्राउ ओटो अंगणात खेळणाऱ्या धम्मदीपाला हळू आवाजात काहीतरी म्हणाल्या, आणि धम्मदीपा वर येऊन, काय वाटलं कोण जाणे, मराठीत म्हणाली, "आजोबा, ते दार उघडत नाहीत."

यादवराव स्वयंपाकघरात गेले. "हर्षा, बेसन आहे का गं?"

"आहे. का?"

"पिठलं कर. आणि चार पोळ्या. ज्वारी असती तर भाकरी केली असती. त्या घरी आज चूल पेटली नसणार."

सुगत दारात होता. "बाबा, कोणी गेलेलं नाही. लीग बंद झालीये."

"सोळा वर्षं," यादवराव म्हणाले. "मग काय गेलं म्हणायचं याला?"

त्यांनी पांढरा सदरा घातला. गालावर जांभळ्या रंगाची पुसट खूण राहिली होती, ती ओल्या टॉवेलने घासून काढली. हर्षाने डबा भरला आणि नवऱ्याकडे पाहून म्हणाली, "तू जा बरोबर. भाषेला."

दार बऱ्याच वेळाने उघडलं. हेर डीलनी दाढी केली नव्हती. यादवराव आत जाऊन खुर्चीवर बसले, डबा टेबलावर ठेवला आणि गप्प राहिले. भेटायला गेलेल्या माणसाने आधी बोलायचं नसतं, तो रिवाज ते पाळत होते. सुगतची मात्र चुळबुळ चालली होती. या देशात कोणाच्या घरी जाऊन गप्प बसायचं म्हणजे काय, हे त्याला कळेना. भिंती फोटोंनी भरलेल्या होत्या. प्रत्येक फोटोत हेर डील होते, आणि फोटोगणिक त्यांच्या मिशा पांढऱ्या होत गेल्या होत्या.

शेवटी हेर डील बोलले, जमिनीकडे पाहत. सुगतने सांगितलं, "ते म्हणतात, हिवाळा कसाही काढता येतो, कारण पुढे एप्रिल असतो. आता एप्रिल येईल तेव्हा मी काय करू?"

यादवराव सुगतकडे वळले.

"त्यांना सांग, सुरुवातीला लोक येतात. तेव्हा बरं वाटतं. मग येईनासे होतात. अवघड असतं ते तिथून पुढे."

सुगतने सांगितलं. हेर डीलनी मान हलवली.

"सांग, सकाळी उठलं की क्षणभर आठवत नसतं. मग आठवतं. रोज नव्याने आठवतं. त्याची सवय होत नाही, पण उठायची होते."

सुगत थोडा अडखळला, पण सांगितलं.

"सांग, मी चहा अजून दोघांचाच टाकायचो. औरंगाबादला, इकडे येईपर्यंत. दुसरा कप गार झाला की मोरीत ओतायचो. इथे हर्षा करते म्हणून कोणाला कळलं नाही."

"माइन फाटर झाक्ट," सुगतने सुरुवात केली. माझे वडील म्हणतात. पुढे तो थांबला. चहा, दोन, कप, गार. या देशात आल्यावर पहिल्या महिन्यातच शिकलेले हे शब्द होते, आणि त्यातला एकही त्याला बाहेर काढता येईना.

"सांग ना," यादवराव म्हणाले.

"बाबा, हे मला कधी बोलला नाहीत तुम्ही."

"तुझी आई होती ती. तुझ्यापुढे काय बोलायचं? तुलाही झालंच असेल."

हेर डील एकाकडून दुसऱ्याकडे पाहत राहिले. त्यांना भाषांतर कोणी केलं नव्हतं, पण तो माणूस आयुष्यभर आरशातून मागचे प्रवासी पाहत आलेला होता. ते उठले, तीन बशा घेऊन आले, आणि सुगतच्या खांद्यावर हात ठेवून त्यांनी एक लहानसा प्रश्न विचारला.

"काय म्हणतात?" यादवरावांनी विचारलं.

"विचारतात, नाव काय होतं."

यादवराव तोंड उघडणार, तोच सुगतने उत्तर दिलं. "द्रौपदी," तो म्हणाला. आई गेल्यापासून तिचं नाव त्याने उच्चारलं नव्हतं, घरात नाही आणि बाहेरही नाही.

"ड्राउपाडी," हेर डील म्हणाले.

"नाही, नाही," यादवराव पुढे सरकले. "द्रौ. प. दी."

"ड्रौ-पा-डी."

"दी. जीभ दाताला लावा, डीलसाहेब. सुगत, सांग त्यांना, जीभ कुठे लावायची ते."

सुगतने डोळे पुसले, खुर्ची ओढून जवळ घेतली, आणि हेर डीलना तोंड उघडून दाखवत त्याने आईचं नाव पुन्हा एकदा, सावकाश उच्चारलं.